दांडियाबाजारचे वाडे, कलाभवनची मुलं आणि माळ्यावरचा भार

ओटला (धागा)

बडोद्यातलं कलाभवन (सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा) दांडियाबाजारच्या उशाशी, संगीत महाविद्यालय सुरसागरसमोर, मेडिकल कॉलेज रावपुऱ्याच्या पलीकडे. विद्यापीठाची बहुतेक वसतिगृहं मात्र प्रतापगंजच्या बाजूला. तिथल्या जागा भरल्या की मुलं पायी जाता येईल अशी खोली शोधतात आणि ती आपल्या पोळांत (जुन्या शहरातल्या अरुंद बोळांच्या मोहल्ल्यांत) मिळते. विद्यापीठाची भिंत होती तिथेच आहे, पण वर्ग सोडून उरलेलं विद्यापीठ आता वाड्यांच्या माळ्यांवर राहायला आलंय.

तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत: नळाला जोर नाही, गटार तुंबतं, बोळात स्कूटर लावायला नव्हे, चालायलाही जागा नाही, रात्री दीडला जिन्यावर गप्पा. मालकांची बाजूही खरी आहे. १९४७च्या भाडे कायद्याखालचे जुने भाडूत नाममात्र भाडं देतात, एका पावसाळ्याच्या कौलं चाळणीचा खर्चही त्यातून निघत नाही. भाऊबंद पुण्या-मुंबईला. अशा वेळी पीजीवाला (वाडा भाड्याने घेऊन त्यात 'पेइंग गेस्ट' मुलं ठेवणारा) एकरकमी पैसे घेऊन दारात उभा राहतो.

या धाग्यावर भांडण नको, मोजमाप हवं. एखादा वाडा पीजीला द्यायचा असेल तर काय तपासायचं, किती मुलं ठेवायची, शेजाऱ्याने कशावर अडून बसायचं आणि विद्यापीठाकडे नेमकं काय मागायचं? ज्यांना ज्यातलं कळतं त्यांनी तेवढं लिहा, पण आकड्यानिशी.

---

खण_तुळई

बांधकामापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, पडलेला वाडा होत नाही.

मुलांच्या वजनाने वाडा पडत नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसं-सामानाचा भार) धरायचा, हे आजचं मानक. १० बाय १२ची खोली म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे २,२०० किलो. चार मुलं, चार लोखंडी खाटा, पुस्तकं, बॅगा सगळं मिळून ६०० किलोच्या आसपास जातं. म्हणजे माणसांना जागा आहे.

वाडा पडतो तो पीजीसाठी केलेल्या कामाने. तीन कामं घातक.

पहिलं, फळ्यांच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा आणि वर टाइल. दोन इंच कोबा आणि टाइल मिळून चौरस फुटाला १३ किलो. त्याच १० बाय १२च्या खोलीत दीड टनाहून जास्त वजन कायमचं बसलं. ते रात्री उठून कॉलेजला जात नाही.

दुसरं, एका खोलीच्या दोन करायला मध्ये घातलेली साडेचार इंची विटेची भिंत. ९ फूट उंचीची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत धावत्या फुटाला २०० किलो होते. १० फुटांची भिंत म्हणजे दोन टन, तेही एका रेषेत, आणि बहुतेक वेळा दोन तुळयांच्या (माळा पेलणाऱ्या जाड लाकडी आडव्यांच्या) मधोमध, जिथे खाली नुसत्या कड्या (तुळयांवर टाकलेले बारीक वासे) आहेत. तीच भिंत पत्र्याच्या सांगाड्यावर सिलिकेट बोर्ड लावून केली तर फुटाला २५ किलोत काम होतं. बोर्डाच्या मध्ये दगडी लोकर भरा, आवाजही अडतो.

तिसरं, माळ्यावरची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की एक टन, आणि तिचा तळ जेमतेम एक चौरस मीटर. वर दिलेल्या मानकाच्या पाचपट. टाकी चौकात जमिनीवर ठेवून प्रेशर पंपाने पाणी वर न्या. वरच ठेवायची असेल तर दोन जाड भिंतींवर लोखंडी गर्डर आडवे टाकून त्यावर ठेवा, लाकडाला स्पर्शही नको.

आता तपासणी. तुळई मधे कुजत नाही, भिंतीत शिरते तिथे कुजते. बाहेरून रंग तजेलदार, आत भुगा. टोकापासून वीतभर अंतरावर लाकडाच्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे संशय. मग पातळ स्क्रू-ड्रायव्हर आडवा टोचा. सागवानात तो एक-दोन मिलिमीटरवर अडतो. अर्धा इंच आत गेला तर तो खण (दोन तुळयांमधला भाग) रिकामा करून खाली टेकू द्यायचा, मग पुढची चर्चा. टोकाभोवती कोणीतरी सिमेंट भरलेलं असतं, तेच कुजण्याचं कारण. ते काढून तुळईच्या तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा, लाकडाला वारा लागला पाहिजे.

झोल पाहायला तुळईच्या खालून दोन टोकांना दोरी ताणा. १२ फुटांच्या तुळईत अर्धा इंच झोल जुन्या लाकडाला असतोच, त्याने घाबरू नका. आकडा लिहून ठेवा, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजा. झोल वाढत असेल तर माणूस ठेवू नका.

---

रावपुरा_३९०००१

+१. भिंतीचं वजन एवढं असेल असं कुणाच्याही लक्षात येत नाही. न्हाणीघराचं काय? १४ मुलांना खालचं एक पुरत नाही, म्हणून सगळे वर काढतात.

---

खण_तुळई

८ मुलांमागे एक संडास आणि एक न्हाणी, मुली असतील तर ६ मागे एक. १४ मुलांना दोन-दोन. जागा मागच्या चौकात, जमिनीवर. वर न्हाणी काढली की वर्षभरात फरशीच्या सांध्यातून पाणी झिरपतं आणि वर सांगितलेलं तुळईचं टोक भिजतं. दिसतं मात्र दोन-तीन वर्षांनी, खालच्या छतावर तपकिरी डाग पडतो तेव्हा. तोवर करार करणारा निघून गेलेला असतो.

वर न्हाणी करणं टळतच नसेल तर पाइप भिंतीत पुरू नका, बाहेरून उघडा सोडा. गळका पाइप डोळ्यांना दिसायला हवा.

---

नळपाणी

पाण्याचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर. पाच जणांचं कुटुंब ६७५ लिटर वापरतं. त्याच घरात १६ मुलं आली की २,१६० लिटर. नळजोडणी तीच, पाणी येण्याची वेळ तीच. मग पीजीवाला मोटर थेट नळाच्या लाइनवर लावतो आणि शेजारच्या तीन घरांचा नळ सुकतो.

हा नुसता शेजारधर्माचा प्रश्न नाही. थेट मोटर लावली की लाइनमध्ये ओढ तयार होते. जुन्या पोळांत पाण्याचा आणि गटाराचा पाइप हातभर अंतराने जातात. पाण्याच्या पाइपाचा सांधा जरा जरी उघडा असला तरी ती ओढ आजूबाजूचं घाण पाणी आत खेचते. कावीळ आणि जुलाबाची साथ पोळीतल्या चार सलग घरांत निघाली तर आधी मोटरी शोधा. मोटर लागते ती टाकीतून वर चढवायला, नळातून ओढायला नाही. नळाचं पाणी आपल्या दाबाने चौकातल्या टाकीत पडू द्या. १६ मुलांना किमान एका दिवसाचा साठा, म्हणजे २,००० ते २,५०० लिटर.

जमिनीखाली टाकी खणणार असाल तर एक नियम: जितकं खोल खणायचं तितकं तरी पायापासून दूर. ५ फूट खोल टाकी भिंतीपासून ५ फुटांच्या आत नको. वाड्याचा पाया उथळ असतो आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक असते. आपल्या टाकीने त्याचं घर फाटतं. बडोद्यात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती लागते, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उघडा खड्डा पावसाळ्यापर्यंत ठेवणं तर अजिबात नाही.

गटाराकडे येऊ. घरातून निघणारा पाइप ४ इंची असतो, त्याला ४० फुटांत एक फूट उतार हवा. बोळाच्या खालची लाइन जुनी, ती अधिक माणसांसाठी टाकलेली नाही. तुंबण्याची कारणं ठरलेली: मेसच्या भांड्यांचं तूप-तेल, सॅनिटरी पॅड, आणि चौकातलं पावसाचं पाणी गटाराला जोडलेलं. तिन्हींवर उपाय आहेत. मेस असेल तर मोरीनंतर ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी पेटी), आणि दर आठवड्याला वरचा थर काढणारा माणूस ठरलेला. मुलींच्या पीजीत प्रत्येक न्हाणीत झाकणाचा डबा. चौकाचं पाणी वेगळ्या नळीने बाहेर. विश्वामित्री भरली की सखल भागातल्या गटारांचं पाणी उतरत नाही, मागे येतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये नदीने शहरात काय केलं ते सगळ्यांसमोर आहे. ज्यांच्या मोऱ्या रस्त्याच्या पातळीखाली आहेत त्यांनी शेवटच्या चेंबरात उलट पाणी अडवणारा व्हॉल्व बसवाच.

---

थ्रीफेज

वीज. १२ मुलांच्या पीजीचा भार लिहून दाखवतो. दीड टनाचे ३ एसी, प्रत्येकी १.६ किलोवॅट: ४.८. दोन गीझर: ४. बारा लॅपटॉप: ०.८. दिवे-पंखे १. आणि खोलीत लपवलेल्या तीन इंडक्शन शेगड्या: ६. एकूण साडेसोळा. मीटरवर मंजूर भार असतो ३ किलोवॅट. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण हिवाळ्यात सकाळी सात ते आठमध्ये गीझर आणि शेगड्या एकदमच चालतात.

६ किलोवॅटच्या वर थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते. एमजीव्हीसीएलकडे (वीज कंपनीकडे) भारवाढीचा अर्ज आधी, एसी नंतर. आतलं वायरिंग लाकडी पट्टीवरचं जुनं असेल तर ते पूर्ण काढा, त्याला जोड देऊ नका. साध्या प्लगला २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, एसी-गीझरला ४ची, प्रत्येक गीझर वेगळ्या एमसीबीवर. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, लाइट गेली पाहिजे. गेली नाही तर ती नुसती शोभेची डबी आहे. अर्थिंगशिवाय या सगळ्याला अर्थ नाही, चौकात नवा खड्डा करून घ्या आणि ५ ओहमच्या आत आकडा येतो का ते मोजून घ्या.

इंडक्शनवर बंदी घालून काही होत नाही. रात्री भूक लागते तेव्हा मुलं शेगडी लावणारच. प्रत्येक मजल्यावर एक ठरलेली जागा, दगडी ओटा, स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग द्या. खोलीतल्या लपवलेल्या शेगड्या आपोआप कमी होतात.

आणि आग. वाडा म्हणजे लाकूड. जिना एकच, अडीच फुटी, तोही लाकडाचा. २४ मे २०१९ला सुरतेत क्लासच्या इमारतीला आग लागली आणि २२ जण गेले. जिन्याने उतरता येईना म्हणून मुलांनी वरून उड्या मारल्या. दोन वाटा असल्याशिवाय वरच्या मजल्यावर कुणालाही झोपवू नका. पोळीत दुसरी वाट बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या गच्चीवरून किंवा मागच्या चौकातून निघते. त्याची परवानगी लेखी घ्या, दाराला आतून कडी, कुलूप नाही. खिडकीला वेल्डिंगची जाळी असेल तर त्यात दोन बाय अडीच फुटांचा बिजागरीचा भाग ठेवा. मजल्यागणिक आग विझवायचं ६ किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं. जिन्याखाली स्कूटर चार्जिंगला लावणं बंद म्हणजे बंद. एकुलत्या वाटेच्या तोंडाशी बॅटरी पेटली तर वरचे सगळे अडकले.

---

बोळ_मोकळा

फायर स्टेशन दांडियाबाजारातच आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. बंब पोळीच्या तोंडाशी लवकर येईल, पण आत? १० फुटी बोळात स्कूटर आडवी लावली की ती ६ फूट खाते, उरतात ४. स्ट्रेचर निघतं, रुग्णवाहिका नाही. भिंतीला समांतर लावली तर अडीच फुटांत मावते आणि साडेसात उरतात, तेवढ्यात लहान रुग्णवाहिका शिरते. म्हणून एकाच बाजूला, समांतर. वळणाच्या कोपऱ्यापासून १० फूट काहीच नाही, कारण बंबाची नळी कोपऱ्यावर स्कूटरच्या चाकात अडकते.

पोळीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा. नळीची एक लांबी १५ ते ३० मीटरची असते. किती नळ्या जोडाव्या लागतील ते फायर स्टेशनला आधीच सांगता येतं, आणि तिथले लोक हे आनंदाने लिहून घेतात.

---

पोळीतली

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण एवढं सगळं करण्यापेक्षा पोळीत पीजी नकोच, असा ठराव का करू नये? रहिवासी भाग आहे. ज्येष्ठ माणसं आहेत, मुलीबाळी आहेत. सरळ सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसला द्याव्यात. नाहीतर निदान कुणाला ठेवायचं ते पोळीने ठरवावं. आपल्यातली, ओळखीतली मुलं असतील तर कुणाची हरकत नाही.

---

जुनं_बडोदं

ताई, काळजी समजते, पण शेवटच्या दोन वाक्यांवर थांबायला हवं.

या भागात बाहेरगावची विद्यार्थी-मास्तर मंडळी आत्ता आलेली नाहीत. बडोदा कॉलेज १८८१चं, कलाभवन १८९०चं, विद्यापीठ १९४९चं. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, कॉलेजात शिकवत होते. त्यांचं निवासस्थान दांडियाबाजारातच आहे, आज अरविंद निवास म्हणून सगळे ओळखतात. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले. ही माणसं कुठेतरी राहतच होती, कुणाच्या तरी खानावळीत जेवत होती. या मोहल्ल्याचा पिंडच त्यावर पोसलेला आहे.

आणि याच शहरात १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, शहरात कुणी घर दिलं नाही आणि ते सयाजीबागेत झाडाखाली बसले. ती जागा आज संकल्पभूमी आहे. बडोदेकरांनी खोली देताना आडनाव आणि ताट पाहणं हे आपण विसरण्यासारखं नाही.

म्हणून पोळीने नियम जरूर करावेत, पण डोकी, लिटर, किलोवॅट आणि वेळ यांचे. माणूस कोण आहे याचा नियम नको. १६ माणसं मावत नसतील तर ती आपल्यातली असली तरी मावत नाहीत.

---

पोळीतली

मान्य. 'आपल्यातली' हा शब्द मागे घेते. पण संख्येवर मी अडून राहणार. एका घरात २२ खाटा हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

---

करारनामा

संख्येवर अडायचं असेल तर ती करारात यायला हवी, तोंडी नियम टिकत नाही. क्रमाने सांगतो.

वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळे ११ महिन्यांचा करतात. तो करायला हरकत नाही, पण पीजीवाल्याशी छापील फॉर्मवर सही करू नका. पुढच्या अटी घाला: जास्तीत जास्त डोकी किती (आकडा आणि अक्षर दोन्ही), खोलीवार किती, वरच्या मजल्यावर विटेचं, कोब्याचं, पाण्याचं कोणतंही काम नाही, मंजूर विद्युत भारापेक्षा जास्त उपकरणं नाहीत, नळाला थेट मोटर नाही, दर तीन महिन्यांनी मालकाला पाहणीचा हक्क, सोडताना घर होतं तसं. सोबत प्रत्येक खणाचे तारखेसह फोटो, ते कराराचा भाग म्हणून दोघांच्या सहीने. डोकी ओलांडली तर करार संपतो, ही ओळ शेवटी नाही, पहिल्या पानावर.

वाडा वडिलोपार्जित असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढून नावं पाहा. पाच चुलतभावांपैकी एकाच्या सहीवर दिलेला वाडा पुढे सगळ्यांना कोर्टात नेतो. पोळ अशांतधाऱ्याच्या (अशांत जाहीर केलेल्या भागांतल्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या) यादीत आहे का ते कलेक्टर कचेरीत विचारा. असेल तर हस्तांतरणाआधी परवानगीचा मामला येतो.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे, पीजीवाल्यावर सोडू नका. पोलिस आयुक्तांच्या जाहीरनाम्याचा भंग झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३खाली गुन्हा मालकावर. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरबसल्या नोंद होते. प्रत्येक मुलाची वेगळी.

जीएसटीची भीती अनेकांना घातली जाते. जुलै २०२४पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचं निवासभाडं करमुक्त आहे, अट एवढीच की राहणं सलग किमान ९० दिवसांचं हवं. आठवड्याच्या हिशेबाने खाटा दिल्या तर ही सूट मिळत नाही. महापालिकेच्या घरपट्टीत मात्र क्षेत्रफळाबरोबर वापर आणि भोगवटा धरतात, म्हणून स्वतः राहता आणि भाड्याने दिलं यांत फरक पडतो. तो लपवू नका, मागच्या तारखेपासून बिल येतं.

आणखी एक, जे या भागात फार महत्त्वाचं आहे. तांबेकर वाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हा २०१०च्या दुरुस्तीनंतरचा कायदा. निषिद्ध पट्ट्यात दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. 'नुसता एक मजला चढवतोय' म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हे आधी सांगा, स्लॅब टाकून झाल्यावर नाही.

---

चुना_सुरखी

खण_तुळई यांनी लाकडाचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. पीजीला देण्याआधी 'फ्रेश' दिसावं म्हणून लोक भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट मारतात. वाड्याची वीट चुन्यात बांधलेली. ती जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आणखी वर चढते, लोणा (क्षार) लागतो आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटतो, विटेचा थर सोबत घेऊन.

खालचे चार फूट तरी चुन्यात करा. चुना विरवून पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरवलेला हवा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग वाळू. वाळू धुतलेली, खारी नको. भिंत आदल्या दिवशी भिजवा. एका थरात अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही, दुसरा थर पहिला नखाने उमटेनासा झाल्यावर. दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवा, उन्हात करू नका. घाईचा कडिया (गवंडी) पाचव्या दिवशी रंग लावायला निघतो, तेवढं अडवा. वर चुन्याचीच सफेदी. मुलं भिंतीवर कागद चिकटवतात म्हणून सफेदी टिकत नाही अशी तक्रार येते. त्याला साधा उपाय: खोलीत एक चार बाय तीन फुटांचा मऊ बोर्ड टांगून द्या, जुन्या खुंट्या आहेतच.

---

पदवीधर

विद्यापीठाकडे काय मागायचं, यावर.

आधी एक बदल समजून घ्या. पूर्वी नोंदणीकृत पदवीधर सिनेटवर (विद्यापीठाच्या सभेवर) प्रतिनिधी निवडून देत, त्यांत शहरातले लोक असत, म्हणजे मोहल्ल्याचं म्हणणं आत पोचवायला एक माणूस तरी होता. २०२३च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज कायद्यानंतर सिनेट-सिंडिकेट गेले, व्यवस्थापन मंडळ आलं. आता ओळखीच्या सभासदाला गाठून काम होत नाही, कुलसचिवांना लेखीच द्यावं लागतं. मग लेखी म्हणजे नीट लेखी.

मागण्या मोघम नकोत. 'वसतिगृहं बांधा' याला वर्षं लागतात आणि उत्तर येत नाही. पहिल्यांदा माहिती अधिकारात अर्ज, २० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच: प्रत्येक वसतिगृहाची मंजूर क्षमता, गेल्या तीन वर्षांत आलेले अर्ज, दिलेल्या जागा, आणि विद्याशाखेनिहाय शहराबाहेरचे प्रवेश. हे आकडे हातात आले की कळेल की दरवर्षी किती मुलं आपल्याकडे येणारच आहेत.

मग दोन मागण्या, ज्यांना इमारत लागत नाही. एक, वसतिगृहाची यादी लवकर लावा. कलाभवनचे प्रवेश राज्याच्या अभियांत्रिकी समितीतून होतात, कला-वाणिज्य-विज्ञानाचे २०२४पासून राज्याच्या जीकास या सामाईक प्रवेश पोर्टलवरून. दोन्हींचं वेळापत्रक वेगळं, म्हणून खोल्यांची धावपळ दोन वेळा उठते. ज्याला वसतिगृह मिळेल की नाही माहीत नाही तो पालक घाबरून मिळेल ती खाट घेतो, आगाऊ पैसे भरतो. २२ खाटांची घरं याच धावपळीत भरतात. दोन, बाहेरच्या खोल्यांची नोंदवही ठेवा: जिथे दोन वाटा, आरसीसीबी आणि डोक्यांची मर्यादा आहे तीच घरं विद्यार्थ्यांना सुचवा. कलाभवनात स्थापत्यशास्त्र आणि विजेचे विभाग आहेत. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना वाडे मोजण्याचं काम अभ्यासाचा भाग म्हणून देता येतं. वाड्याची मापं, तुळयांचा झोल, भार. त्यांना शिकायला मिळेल, मालकाला नकाशा मिळेल.

---

रावपुरा_३९०००१

हे शेवटचं फारच पटलं. आवाजाबद्दल कोणीच लिहिलं नाही का?

---

बोळ_मोकळा

आवाजाचा कायदा दोन्ही बाजूंनी लागतो, हे मान्य करून बोलू. २०००च्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल. शैक्षणिक संस्था, दवाखाने आणि कोर्टापासून १०० मीटरचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर तिथे ५० आणि ४०. म्हणजे मुलांनी रात्री जिन्यावर आरडाओरडा करायचा नाही, आणि कलाभवनच्या भिंतीजवळच्या बोळांनी गणपती-नवरात्रात भोंग्यांचं तोंड तिकडे करायचं नाही. परीक्षेचं वेळापत्रक संस्थेकडून आधी मागून घेतलं तर मंडळं स्पीकरच्या वेळा त्याप्रमाणे लावू शकतात. मुलांना आरतीला बोलवा, मांडवाची कामं द्या. ज्यांनी वर्गणीची पावती फाडली ती मुलं दीड वाजता बोळात शिट्ट्या मारत नाहीत.

---

ओटला

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी पोळीतल्या ज्या घरांत पीजी आहे त्यांची पाहणी मालकांच्या संमतीने करायची ठरते आहे. एका पानाचा तक्ता करतो: डोकी, संडास-न्हाणी, टाकी किती आणि कुठे, मोटर कशाला जोडलेली, मंजूर भार, आरसीसीबी, वाटा किती, वरच्या मजल्यावर ओलं काम आहे का, तुळईच्या टोकांचा आवाज. आठ-दहा रकाने, जास्त नाही. माहिती अधिकाराचा अर्ज पदवीधर लिहून देतील का?

एक शंका राहिली. दोन घरांत सामाईक भिंतीला तडा आहे. शेजारी खोदकाम झाल्यावर आला असं म्हणतात, पण तडा जुना की वाढता, हे कसं ओळखायचं?

---

पदवीधर

अर्जाचा मसुदा उद्यापर्यंत इथेच टाकतो.

---

खण_तुळई

काचपट्टी लावा. तीन-चार इंच लांब, एक इंच रुंद पातळ काच, खिडकीच्या काचेचे तुकडे चालतात. तड्याच्या आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला घट्ट चिकटवा, मधला भाग मोकळा. चिकटवताना रंगाचा थर खरवडून विटेपर्यंत जा, नाहीतर पट्टी रंगासकट सुटते आणि आपण उगाच घाबरतो. एका तड्याला वर, मधे, खाली अशा तीन पट्ट्या. शेजारी पेन्सिलने तारीख आणि तड्याच्या दोन्ही काठांवर दोन बारीक फुल्या, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून. दर १५ दिवसांनी पाहा. काच अखंड राहिली तर तडा निजलेला आहे, चुन्याने भरून टाका. काच तुटली तर फुल्यांतलं अंतर मोजा. फक्त वरची तुटली असेल तर भिंत कलतेय, ओळंबा सोडून पाहा. तिन्ही तुटल्या तर पाया हललाय, त्या भिंतीला टेकलेल्या दोन्ही घरांतल्या खोल्या त्याच दिवशी रिकाम्या करायच्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवायचा. रविवारी मी काचा आणि प्लास्टर घेऊन येतो, शिडी कुणाकडे असेल तर सांगा.